कुंकवाची पुडी समुद्रापार जाताना

उज्जयिनीतील फ्रीगंजच्या टावर चौकात सायंकाळी उभे राहिले की निम्मे शहर खरेदीस बाहेर पडल्याचा भास होतो. त्या गर्दीत आपली मराठी मंडळीही असतातच. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये आपली राजधानी येथून ग्वाल्हेरीस हलविली. तथापि त्यांच्यामागे राहिलेल्या घराण्यांनी चैत्रगौरीचे हळदीकुंकू, दिवाळीचे उटणे आणि बाळाच्या डोळ्यांतले काजळ सोडले नाही. आता याच घरांतील मुली न्यू जर्सीत, लंडनात, जर्मनीत नांदत आहेत. त्यांच्यासाठी जाणाऱ्या सामानात कुंकवाची एक पुडी हमखास असते, आणि त्या पुडीवरूनच अनेक भगिनींच्या मनात एक विचार येतो. आपल्या हातचे उटणे, काजळ, कुंकू तिकडच्या मैत्रिणी इतके वाखाणतात, तर ते रीतसर विकायला काय हरकत आहे?

हरकत नाही, पण वाट वाटते तितकी सरळही नाही. ती कोठून जाते हे आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी काजळाविषयी, कारण खरा धोका तेथेच आहे. आपण ज्याला सरसकट काजळ अथवा सुरमा म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक, तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताट धरून जमविलेली काजळी. दुसरी, खनिज वाटून केलेली पूड. आणि हे खनिज पुष्कळदा शिशाचे गंधकयुक्त संयुग असते. काही नमुन्यांत निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच निघालेले आहे. डोळ्यांत घातलेले काजळ बाळ हातांनी चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिसे लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला अपाय करते आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काजळ, सुरमा, कोहल या नावांनी येणारा असा माल बंदरावरच अडविण्याची व्यवस्था केलेली आहे.

येथे एखादी आजी म्हणेल की आमचे काजळ तर निव्वळ दिव्याचे, त्यात शिसे कोठून येणार? आजीबाईंचे म्हणणे खरे आहे. तरीही ते काजळ अमेरिकेत विकता येणार नाही. त्या देशात प्रसाधनात रंग म्हणून काय वापरावे याची यादीच कायद्याने ठरविलेली आहे. यादीत नाव नाही, तो रंग निषिद्ध. डोळ्यांसाठी लोहाचे काळे भस्म चालते, विशिष्ट शुद्धतेचा आणि सरकारने प्रत्येक घाण्याची तपासणी करून प्रमाणित केलेला काळा कर्बही चालतो. दिव्याची काजळी मात्र यादीत नाही. इतकेच नव्हे, आपली हळदसुद्धा तेथे अन्नाचा रंग म्हणून मान्य आहे, प्रसाधनाचा रंग म्हणून नाही. हळदीला चुना-लिंबाचे संस्कार देऊन केलेले अस्सल कुंकू, ज्याच्या शुद्धतेविषयी आपण निःशंक असतो, तेही त्यामुळे प्रसाधन म्हणून बसत नाही. मेंदीला केसांसाठी परवानगी आहे, हातांवर काढण्यासाठी नाही. आम्हांस हे काहीसे आडमुठेपणाचे वाटते. पण या आडमुठेपणामागे एक इतिहास आहे.

1933 च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांच्या केसांना लावण्याचा एक रंग विकला जात असे. त्याने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा तर प्राणही गेला. त्या वेळी सरकारला तो बाजारातून काढण्याचा अधिकारच नव्हता. 1938 चा कायदा झाला तो अशा प्रकरणांनंतर. त्या रंगातले दाहक द्रव्य, पॅराफिनिलिनडायअमाइन, आजही लग्नसराईत झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त मिसळले जाते. मेंदी स्वभावतः काळी रंगत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी नवरीच्या हातांवर फोड येण्याचे पुष्कळ प्रसंग टळतील.

शेंदराची गोष्ट अशीच. पूर्वीचा शेंदूर म्हणजे उघडउघड शिशाचेच लाल भस्म. 2017 मध्ये न्यू जर्सीतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी शेंदराचे 118 नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. 95 तेथील दुकानांतले आणि 23 मुंबई व दिल्लीतले. दर ग्रॅमला 20 मायक्रोग्रॅम या मर्यादेबाहेर शिसे असलेले नमुने तेथे शेकडा 19 आणि आपल्याकडचे शेकडा 43 निघाले. कायदा केवळ गोऱ्यांचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही रंगद्रव्यातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 20 भाग हीच आहे. म्हणजे परदेशी कायदा आपल्याहून कडक म्हणून नव्हे, तर आपलाच कायदा पाळला न गेल्यामुळे माल अडतो.

युरोपची रीत निराळी. तेथे 2009 साली संमत झालेला नियम 11 जुलै 2013 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार प्रत्येक प्रसाधनासाठी युरोपात राहणारी एक ‘जबाबदार व्यक्ती’ नेमावी लागते. ती एखादी संस्थाही असू शकते. तिचे नाव व पत्ता वेष्टनावर हवा. काही विपरीत घडले तर सरकार उज्जैनपर्यंत येत नाही, तिचेच दार ठोठावते. पात्रता असलेल्या तज्ज्ञाकडून सुरक्षिततेचा अहवाल करून घ्यावा लागतो, मालाची नोंद विक्रीपूर्वी मध्यवर्ती संकेतस्थळावर करावी लागते, आणि सारी कागदपत्रे शेवटचा घाणा बाजारात आल्यापासून 10 वर्षे जपावी लागतात. प्राण्यांवर चाचणी केलेला माल चालत नाही. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तेथे वेगळी जबाबदार व्यक्ती आणि वेगळी नोंद. लंडनची नणंद आणि बर्लिनची जाऊ एकाच कागदावर खूश होत नाहीत!

अमेरिकेत 29 डिसेंबर 2022 रोजी नवा कायदा झाला. कारखान्याची नोंदणी, प्रत्येक वस्तूची यादी, परदेशी उत्पादकाला अमेरिकेतील प्रतिनिधी, आणि गंभीर अपाय झाल्यास कामकाजाच्या 15 दिवसांत कळविणे या अटी त्यात आल्या. ज्यांची तेथील विक्री वर्षाला सरासरी 10 लाख डॉलरहून कमी आहे त्यांना नोंदणीतून व यादीतून सूट आहे; आपल्या घरगुती उद्योगांना हा दिलासा मोठा. पण डोळ्यांच्या नाजूक त्वचेशी संबंध येणाऱ्या वस्तूंना ती सूट नाही. काजळ पुन्हा अडलेच.

उरते ते उटणे, आणि आमच्या मते सुरुवात करणाऱ्या भगिनीने तेथूनच करावी. आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा यांचे वस्त्रगाळ चूर्ण रंगविण्यासाठी नसून अंग स्वच्छ करण्यासाठी आहे, हे वेष्टनावर नीट मांडता येते. मात्र शब्द जपून वापरावेत. ‘मुरुमे बरी करते’, ‘त्वचारोग नाहीसे करते’ असे छापले की तीच पुडी अमेरिकेच्या दृष्टीने औषध ठरते आणि औषधाचे नियम फार जड असतात. आपल्याकडे हाच प्रश्न उलट बाजूने गाजला होता. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 मध्ये स्थापलेल्या विको कंपनीची हळदीची मलम-पेस्ट आयुर्वेदिक औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला आणि निकाल अखेर सर्वोच्च न्यायालयातून कंपनीच्या बाजूने लागला. तेथे औषध ठरण्यात लाभ होता. परदेशी बाजारात तो बहुधा तोटा असतो.

या साऱ्याच्या आधी घरचे काम. विक्रीसाठी प्रसाधन करावयाचे तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची अनुज्ञा लागते; स्वयंपाकघरातील खलबत्त्यावर ती मिळत नाही. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने माल करून घेण्याचाही परवाना नियमांत आहे, आणि लहान उद्योगास तोच परवडतो. निर्यातीसाठी आयात-निर्यात संकेतांक काढावा लागतो. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा, घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावीत, आणि हळद कोणत्या अडतीतून आली हेही वहीत टिपावे. हळदीतही रंग खुलविण्यासाठी शिशाचे पिवळे संयुग मिसळल्याची उदाहरणे आहेत.

म्हणून पहिला खर्च सुबक डब्यावर करू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसे, पारा, अर्सेनिक व जंतू यांची तपासणी करून घ्यावी, आणि हळदीचे पोते बदलले की ती पुन्हा करावी.