मागील दारावरील स्टेपनीचे कॅरिअर : गंजाकडे दुर्लक्ष का नको?

मुंबई : जिप्सी, बोलेरो, थार, गुरखा यांसारख्या गाड्यांच्या मागील दारावर बसविलेले पर्यायी चाक ही त्यांची ओळख मानली जाते. मात्र हे चाक ज्या लोखंडी कॅरिअरच्या आधारावर उभे असते, त्याची तपासणी क्वचितच होते. पावसाळ्यानंतर, विशेषतः किनारपट्टीवरील गाड्यांमध्ये, हा भाग आतून गंजलेला आढळतो. भरधाव गाडीच्या मागून तो तुटल्यास मागील दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

भार किती, कुठे?

अशा गाड्यांचे टायरसह चाक साधारणतः 20 ते 30 किलो वजनाचे असते. गाडी खड्ड्यातून जाताना प्रत्येक हादऱ्यासोबत कॅरिअरवर याच्या कित्येक पट ताण येतो. दाराचा बाहेरील पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असल्याने हा ताण आतील मजबुतीच्या पट्ट्यांमार्फत बिजागऱ्यांकडे जातो. त्यामुळे दार खाली बसणे, कुलूप नीट न लागणे किंवा गाडी चालताना मागून खडखड येणे ही पहिली लक्षणे ठरतात. दार अर्धे उघडून त्याचे मोकळे टोक हाताने वर उचलल्यास बिजागरीतील ढिलेपणा लगेच जाणवतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मिठामुळे ही क्रिया वेगवान होते. कॅरिअर आणि दार यांमधील फटीत चिखल साचून ओल टिकून राहते. परिणामी बाहेरून चकचकीत दिसणारा भाग मागील बाजूने पोखरला जातो.

काढण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि प्रथम चाक उतरवावे. या कामाला दोन माणसे असावीत. गंजलेल्या बोल्टवर गंज सैल करणारे तेल मारून रात्रभर थांबावे. घाईत जोर लावल्यास बोल्टचे डोके तुटते. दाराच्या आतील नट बोल्टसोबत फिरू लागल्यास आतील आच्छादन काढून तो पान्याने धरावा लागतो. कॅमेरा, दिवा यांच्या तारा सोडविण्यापूर्वी त्यांच्या जोडणीचे छायाचित्र घ्यावे. बिजागऱ्याही सोडवायच्या असतील, तर त्यांची मूळ जागा आधी खुणांनी आखून ठेवावी.

काही गाड्यांत नंबरप्लेट कॅरिअरवरच असते. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. तिचे कुलूप एकदाच वापरण्याजोगे असल्याने प्लेट काढल्यास ते अधिकृत केंद्रातून पुन्हा बसवून घ्यावे लागते.

रंगापूर्वी तपास

वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने रंग व गंज काढून धातू उघडा करावा. या वेळी डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क आवश्यक आहे. वेल्डिंगच्या सांध्यांजवळ गंजाची बारीक रेघ दिसल्यास ती तडा असण्याची शक्यता असते. तड्यावर रंग चढविणे म्हणजे दोष झाकणे होय. असा भाग कुशल कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा; पत्रा पोखरला गेला असेल तर कॅरिअर बदलणेच योग्य. गाडीवरच वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीची जोडणी आधी सोडवावी.

खाचांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण उपयोगी पडते. त्यानंतर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर व वर रंगाचे दोन पातळ थर द्यावेत. पावडर कोटिंग अधिक टिकाऊ असते. परंतु ते साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजले जात असल्याने रबरी व प्लास्टिकचे भाग आधी काढावे लागतात.

पुन्हा बसविताना

बोल्टच्या डोक्यावरील 8.8 किंवा 10.9 हे आकडे त्याची ताकद दर्शवितात. नवे बोल्ट त्याच दर्जाचे घ्यावेत. दुकानात मिळणारे बिनखुणेचे बोल्ट टाळावेत. कॅरिअर व दार यांमधील फट सीलंटने बुजवावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र वापरू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल गंजाला निमंत्रण देते. बोल्ट वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क रेंचने आवळावेत. टायर रबरी टेकूंवर घट्ट टेकला पाहिजे, अन्यथा प्रत्येक धक्क्याला चाक हलून बोल्ट पुन्हा सैल होतात. काहीशे किलोमीटर धावल्यानंतर बोल्ट एकदा तपासणे हिताचे ठरते.

2020 मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार, टायरमधील हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ठरावीक प्रवासी वाहनांना स्टेपनीची सक्ती नाही. तथापि, जेथे मदत पोहोचण्यास तास लागतात अशा घाटवाटांवर आणि रानवाटांवर ती आजही आवश्यक आहे. म्हणूनच स्टेपनीतील हवेइतकीच तिच्या आधाराचीही तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हावी.