बिनगिअरची माउंटन सायकल घेताना

मोटारसायकलचे पेट्रोल परवडत नाही आणि रोज रिक्षा करणेही शक्य नाही, अशा छोट्या दुकानदारांना व कारागिरांना सायकलीवाचून आजही गत्यंतर नाही. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार असो, घरोघरी माप घ्यायला जाणारा शिंपी असो की फेरीवर माल विकणारा किरकोळ व्यापारी असो, सायकल हे त्याचे अवजारच आहे. दुकानांतून आता जुन्या घडणीची उंच काळी सायकल कमी आणि जाड टायरची माउंटन सायकल जास्त दिसते. तिच्यातील बिनगिअरची, म्हणजे दुकानदार जिला ‘सिंगल स्पीड’ म्हणतात ती, साधारण सहा ते दहा हजार रुपयांत मिळते. रोजच्या कामाला हीच घ्यावी, असे आमचे मत आहे. मात्र तिच्यातही पारख करावी लागते.

आम्ही ती केली नव्हती. गिऱ्हाइकांकडे माल पोचवण्यासाठी सायकल घेतली, तेव्हा पुढेमागे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि झगमगीत रंग पाहून भुललो. घरी आणल्यावर कळले की, मागच्या शॉकअपमुळे तिला साधे कॅरियर बसत नाही. मालाची पिशवी हँडलला लटकवली, तर वळणावर तोल जाई. आठ महिन्यांत मागच्या सांध्याचे बुश झिजले आणि चाक डुलू लागले. मोहल्ल्यातील मिस्त्रींनी पाहून सांगितले, “भाई, ही पोरांना फिरायला ठीक आहे, तुमच्या धंद्याची नाही.” शेवटी ती निम्म्याहून कमी पैशांत विकावी लागली. वाचकांवर ती पाळी येऊ नये, म्हणून हा लेख.

चौकट आणि कॅरियर

चौकट साधी, पोलादी आणि मागे शॉकअप नसलेली घ्यावी. पोलादी चौकटीला तडा गेला, तर गावातला वेल्डरही ती सांधू शकतो. मागच्या चाकाच्या नटाजवळ कॅरियर व मडगार्डसाठी भोके आहेत का, हे आधी पाहावे. पुढचा स्वस्त शॉकअप वजन वाढवतो आणि चढावर जोर लावला की दबतो, त्यामुळे मेहनत वाया जाते. साधा ताठ चिमटा मिळाला तर उत्तम. खड्ड्यांचा हादरा जाड टायर बराच सोसतो.

सायकलीवर बसून नव्हे, तर वरच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहून उंची पाहावी. दांडी आणि अंग यांत दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत.

टायरचा आकडा

टायरच्या बाजूवर आकडा छापलेला असतो. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ या दोन्हींत ‘२६’ असले, तरी दोघांच्या रिमा वेगळ्या आहेत. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून आपल्या मिस्त्रींकडे कोणत्या आकड्याचे टायर-ट्यूब हमखास मिळतात, हे विचारूनच सायकल ठरवावी. डांबरी रस्त्यावर मोठ्या गोट्यांचा टायर जड चालतो. मध्ये सलग पट्टी व कडेला गोट्या असलेला निवडावा. ट्यूबला मोटारीसारखा व्हॉल्व्ह असेल, तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. माल वाहायचा असेल, तर मागच्या चाकाला ३६ आरे असावेत.

दात मोजा

गिअर नसल्याने सगळी भिस्त दातांवर असते. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर २६ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे पाच मीटर जाते. सपाट गावात हे ठीक आहे. चढ किंवा ओझे असेल, तर मागे २० दातांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. मग एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटर अंतर कापले जाते, पण पायावरचा जोर कमी होतो. हा बदल थोड्या पैशांत होतो. गिअरची यंत्रणा नसल्याने बिघाडही कमी होतात.

ब्रेक आणि बिल

साधा रिम ब्रेक पुरेसा आहे. त्याचे रबर स्वस्त असते आणि घरीच बदलता येते. स्वस्त डिस्क ब्रेक वारंवार जुळवून घ्यावे लागतात. मात्र पावसाळ्यात रिम ओली असताना ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग आवरावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे आणि हा आकडा तपासावा. कॅरियर, स्टँड, मडगार्ड, घंटी आणि कुलूप किमतीत धरले आहेत का, हेही विचारावे. नाहीतर स्वस्त वाटलेली सायकल हजारभर रुपयांनी महाग पडते. महिन्याभराने आरे सैल पडतात, तेव्हा चाकाचा आउट काढून सगळे नट आवळून घ्यावेत.

शक्य असेल तर खरेदीला आपले मिस्त्री बरोबर न्यावेत आणि नेहमीच्या वजनाची पिशवी कॅरियरवर बांधून एक फेरी मारून पाहावी. आम्ही दुसरी सायकल अशीच घेतली. ती रंगाने साधी आहे, पण माल वेळेवर पोचतो.