गॅरेजची जमीन थंडीने खराब होत नाही

टोरांटोजवळ, मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या बाजूला नवं घर घेतलं की एक-दोन हिवाळ्यांत गॅरेजच्या काँक्रीटवर पांढरे डाग पडतात, कुठे पापुद्रे सुटू लागतात. खापर फुटतं थंडीवर. पण कोरड्या काँक्रीटचं थंडी फारसं काही बिघडवत नाही. चाकांना आणि मडगार्डला चिकटून आलेला बर्फ आत वितळतो, पाणी काँक्रीटच्या छिद्रांत मुरतं, रात्री गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून पारा सलग उणे २० वर राहिला तर नुकसान कमी. तो शून्याच्या वर-खाली होत राहिला तर जास्त. त्यात रस्त्यावरच्या मिठाची भर. मिठामुळे काँक्रीट लवकर वाळतच नाही. काही ठिकाणी वापरलं जाणारं कॅल्शियम क्लोराइड तर काँक्रीटमधल्या चुन्याशी क्रिया करून, पाणी न गोठताही त्याला पोखरतं.

मग वरून इपॉक्सीचा थर मारला की झालं? थर चांगला, पण जमीन खालून ओलसर असेल तर तो उचलला जातो. हे घरीच तपासता येतं: सुमारे दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवा, किमान १६ तासांनी उचला. खाली ओल दिसली तर थांबा. जमीन कोरडी निघाली तरी ती मशीनने घासून घेतल्याशिवाय थर नीट धरत नाही, आणि नेहमीचा इपॉक्सी कडाक्याच्या थंडीत नीट वाळत नाही. त्या बाबतीत पॉलिअस्पार्टिकचा थर सरस. दोन्हींत वाळूसारखी खर टाकून घ्याच. दुकानातला आरशासारखा चकचकीत नमुना ओल्या बुटांखाली घसरगुंडी होतो.

आपल्याकडच्या सवयीने अनेकांना टाइल्स सुचतात. चांगली पोर्सेलिन टाइल फारच कमी पाणी शोषते, त्यामुळे ती स्वतः सहसा फुटत नाही. पाणी सांध्यांतून खाली पोकळ जागेत शिरून गोठलं की ती सुटते. एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स बसवायला सोप्या, पण खारं पाणी त्यांच्याखाली साचतं. वर सगळं छान दिसत असतं, हीच त्यांची अडचण.

गॅरेज गरम ठेवण्याने जमीन गोठायची वाचते, मात्र उबदार खाऱ्या ओलीत गाडीचा पत्रा जास्त लवकर गंजतो.

सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे सिलेन-सिलॉक्सेनचा सीलर. तो आत मुरतो, पाणी आणि मीठ अडवतो, वाफ मात्र बाहेर जाऊ देतो. दिसायला काहीच बदलत नाही, म्हणून तो कुणाला मोहात पाडत नाही. जुन्या, ओलसर जमिनीला मी हाच सुचवेन. सोबत गाडीखाली कडा उचललेली मॅट.

पैसे खर्च करण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. ते दाराकडे किंवा नाल्याकडे न जाता मध्येच साचलं, तर आधी उतार दुरुस्त करून घ्या.