वाळवंटातील अरुंद घळी : सौंदर्य आणि संकट

प्रस्तावना :
अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोलोराडो पठारावर, विशेषतः युटा व ॲरिझोना या राज्यांत, 'स्लॉट कॅनियन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिअरुंद घळी आढळतात. रुंदीच्या मानाने खोली कितीतरी अधिक असणे हे त्यांचे लक्षण होय. ॲरिझोनातील पेज शहराजवळची अँटेलोप घळ त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिच्या वरच्या भागाच्या नावाहो भाषेतील नावाचा अर्थ 'खडकांतून पाणी वाहते ती जागा' असा होतो. पर्यटकाला मात्र तेथे बहुधा कोरडी वाळूच दिसते व नावाचा अर्थ दुर्लक्षित राहतो. हे दुर्लक्ष किती महागात पडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

निर्मिती व सौंदर्य :
सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडात, या प्रदेशात वाळूच्या टेकड्यांचे विस्तीर्ण वाळवंट होते. त्या वाळूपासून नावाहो वालुकाश्म तयार झाला. वाऱ्याने रचलेले तिरपे थर आजही भिंतींवर स्पष्ट दिसतात. या खडकातील उभ्या भेगांत पुराचे पाणी शिरते. त्याबरोबर येणारी वाळू व गोटे हीच खरी कापणारी हत्यारे. निघोज येथे कुकडी नदीने कठीण बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले, तशाच घुसळणीने येथील भिंतींना वळणे आली आहेत. वरच्या फटीतून येणारा प्रकाश भिंतींवर पुनःपुन्हा परावर्तित होत तळाशी पोहोचतो आणि लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबूस असलेला खडक केशरी, क्वचित जांभळा भासतो. छायाचित्रांत हे रंग पुष्कळदा भडक केलेले असतात. प्रत्यक्षातील मंद प्रकाशच अधिक मोहक म्हणावा लागेल.

संकटाचे स्वरूप :
दि. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटेलोप घळीच्या खालच्या भागात अचानक आलेल्या लोंढ्यात 11 पर्यटक मृत्युमुखी पडले. घळीपाशी त्या दिवशी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ झाले ते सुमारे 11 किलोमीटर वरच्या बाजूस. उघडा खडक पाणी शोषून घेत नाही. विस्तीर्ण पाणलोट क्षेत्रातील सारे पाणी मीटरभर रुंदीच्या फटीत एकवटले की त्याला पसरण्यास जागा उरत नाही, ते उंच चढते. त्यामुळे डोक्यावरील निरभ्र आकाश हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. या दुर्घटनेनंतर तेथे खडकात पक्क्या बसविलेल्या लोखंडी शिड्या आल्या. आज मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही.

तथापि नियमांनी प्रश्न सुटतो असे नाही. सप्टेंबर 2015 मध्ये युटातील झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कीहोल घळीत सात जणांचा संपूर्ण गट पुरात दगावला. गटाकडे परवाना होता आणि त्या दिवशी पुराची शक्यताही वर्तविण्यात आली होती. परवाना म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. उतरावे की नाही, हा निर्णय अखेर जाणाऱ्याचाच असतो.

पुराव्यतिरिक्तही धोके आहेत. ऊन न पोहोचणाऱ्या डोहांतील पाणी उन्हाळ्यातही शरीर गारठवते. 2003 मध्ये युटातील ब्लूजॉन घळीत सरकलेल्या शिळेखाली हात अडकल्याने ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकास स्वतःचा हात कापून सुटका करून घ्यावी लागली.

जुलै ते सप्टेंबर हा तेथील वादळी पावसाचा काळ. जाणकार अशा वेळी केवळ घळीचा नव्हे, तर संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान-अंदाज पाहतात. युटातील बकस्किन गल्च या लांबलचक घळीत, चालणाऱ्याच्या डोक्याच्या कितीतरी वर, दोन भिंतींमध्ये झाडांचे ओंडके आडवे अडकलेले दिसतात. पूर्वीच्या पुराचे पाणी तेथवर चढले होते.