दोन सिलिंडरांचे इंजिन

वाशी-पनवेलच्या रस्त्यावर बुलेट मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. जुन्या ३५० बुलेटच्या इंजिनात एकच सिलिंडर असतो. त्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जळते, त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि क्रँक फिरतो.

दोन सिलिंडर जोडले, तर शक्ती वाढेल, हे तुम्हांलाही सुचेल. पण ते बसवायचे कशावर? अनिकेत वर्धन या भारतीय डिझायनरने अमेरिकेत ओहायो राज्यात राहून हा प्रश्न सोडवला. त्यांनी बुलेटचे दोन सिलिंडर उर्दूतील सातच्या अंकासारखे तिरपे बसवले. एक सिलिंडर ३४६ घनसेंटिमीटरचा. दोन मिळून ६९२. या इंजिनाचे नाव 'मस्केट'.

सिलिंडर तयार मिळाले, पण दोघांना धरणारी पेटी, म्हणजे क्रँककेस, कोठेच मिळणार नव्हती. तिचा लाकडी नमुना त्यांनी घरीच हाताने घडवला. असा नमुना ओतकामाच्या कारखान्यात वाळूत दाबतात. तो काढल्यावर उरलेल्या पोकळीत वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओततात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. धातू थंड होताना आकसतो. १०० मिलिमीटर लांबीचा भाग सुमारे १ मिलिमीटरने कमी भरतो. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय यंत्रावर तासण्यासाठी थोडा जादा धातू ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला, तर महिन्यांची मेहनत भंगारात जाते. इंजिन घरी बनवता येते. मोजमापात मात्र कारखान्याइतकीच काटेकोर शिस्त पाळावी लागते.