निर्वासित, कायदा आणि आपले संविधान

थंडी पडली की महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिबेटी बांधव स्वेटरची दुकाने मांडतात. ते येथे कोणत्या कायद्याने राहतात, हे मात्र आपणांस सहसा ठाऊक नसते.

१९५९ मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. आपल्या राज्यात गोठणगाव (जि. गोंदिया) येथे त्यांची वसाहत आहे. सरकारने त्यांना जमीन व नोंदणी प्रमाणपत्र दिले. परंतु ही सवलत धोरणाची आहे, कायद्याची नव्हे.

निर्वासितांसंबंधी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार व १९६७ चा पूरक करार आहे. जिवाला धोका असेल तेथे निर्वासितास परत पाठवू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व. चीनने १९८२ मध्ये व अफगाणिस्तानने २००५ मध्ये तो स्वीकारला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान व श्रीलंका त्यात नाहीत. २०१७ नंतर बांगलादेशाने सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना आसरा दिला, पण त्यांना 'निर्वासित' हा दर्जा दिला नाही.

आपल्याकडेही निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९४६ च्या कायद्याप्रमाणे ते केवळ 'परकीय' होते; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ही उणीव राहिलीच. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत 'बौद्ध' हा शब्द आहे, म्हणून अनेकांचा गैरसमज होतो. ती तरतूद पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्यांपुरतीच आहे. तिबेटी बौद्धांना तिचा लाभ नाही.

मग आधार कशाचा? पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या सुमारास आलेल्या चकमा बौद्धांना अरुणाचल प्रदेशातून हुसकावण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यातील प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे, असा निकाल १९९६ मध्ये लागला. कारण डॉ. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या संविधानात कलम १९ 'नागरिकां'साठी आहे, पण कलम १४ व २१ प्रत्येक 'व्यक्ती'साठी आहेत.

आम्ही बँकेत नोकरी करतो. कागद नसलेल्या माणसाचे साधे खातेही कसे अडते, हे रोज पाहतो. धोरण सरकारच्या मर्जीने बदलते. कायदा असला तर दाद मागता येते. म्हणून निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा हवा, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांनी ही तीन कलमे मुळातून वाचावीत आणि 'नागरिक' व 'व्यक्ती' या दोन शब्दांतील अंतर नीट ध्यानात ठेवावे.