क्षाराच्या भिंतीआड वाढणारे अन्न

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचे दक्षिण टोक. पुढे तेरेखोल आले की गोव्याची हद्द सुरू होते. रेडीची ओळख लोहखनिजाच्या खाणींमुळे झाली. येथील मातीच तांबडी. पायरीवर, कपड्यांवर, भांड्यांवर बसणारी धूळही तांबडी. अशा या गावातील घराच्या पडवीत गेल्या उन्हाळ्यात मी प्लास्टिकच्या एका पसरट टबात स्पिरुलिना वाढवायला घेतली. पहिले पंधरा दिवस पाणी गर्द हिरवे होत गेले. मग वाढ थांबली आणि रंग पिवळट दिसू लागला. कारण शोधल्यावर कळले, की टबातील जिवांची लोहाअभावी उपासमार होत होती! चहूकडे लोहखनिज असलेल्या गावात हे कसे घडले? या प्रश्नाच्या उत्तरातच घरगुती स्पिरुलिनेचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

स्पिरुलिना म्हणजे काय?

आपण जिला स्पिरुलिना म्हणतो, ती नीलहरित शैवालांपैकी एक. नावात शैवाल असले तरी तिची जवळीक जीवाणूंशी आहे. तिच्या पेशीत स्वतंत्र केंद्रक नसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर स्प्रिंगसारखे पीळदार, हिरवे-निळे धागे दिसतात. एका धाग्याची लांबी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. शास्त्रीय परिभाषेत या जातींना आर्थ्रोस्पिरा म्हणतात. 2019 मध्ये त्यांपैकी काहींसाठी लिम्नोस्पिरा ही नवी प्रजाती सुचवण्यात आली. बाजारात मात्र स्पिरुलिना हेच नाव रूढ आहे.

माणसाला तिची ओळख नवी नाही. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक टेस्कोको सरोवरावरील हिरवी साय गोळा करून तिच्या वड्या खात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातील कानेम्बू स्त्रिया आजही डबक्यांतील अशी साय गाळून, वाळूवर वाळवून कालवणात घालतात. या दोन ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे, पण एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडचे पाणी क्षारयुक्त, सोड्याचे आहे.

आपल्याकडचे उदाहरण: लोणार

असे पाणी पाहायला मेक्सिकोला जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात पडलेल्या विवरात आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यामुळे तेथील पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू सात. सामू एकाने वाढला की क्षारता दहापट होते. म्हणजे सातावरून दहावर जाणे ही हजारपट वाढ झाली. बहुतेक गोड्या पाण्यातील शेवाळी आणि अनेक जीवाणू येथे तग धरू शकत नाहीत. स्पिरुलिना आणि तिचे काही सोबती मात्र तेथे वाढतात, आणि लोणारचा हिरवा रंग त्यांच्यामुळेच आहे.

या सहनशीलतेलाही मर्यादा असते. जून 2020 मध्ये पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा हा रंग मिठाची आवड असणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. पाणी कोणाचे, हे त्यातील क्षार ठरवतात, हा लोणारचा धडा आहे.

घरचा टब म्हणजे या सरोवराची छोटी प्रतिकृती होय. क्षाराची भिंत उभी केली, की निर्जंतुक प्रयोगशाळेशिवायही पडवीत जवळजवळ एकाच जातीचे पीक वाढवता येते. घरगुती लागवड शक्य होते ती या एका गुणामुळे. पण प्रत्येक अडचणही याच भिंतीमुळे उभी राहते, हे पुढे दिसेल.

टबातील सरोवर

फ्रान्समध्ये झारूक यांनी 1966 च्या आपल्या प्रबंधात दिलेले पोषक द्रावण आजही प्रमाण मानले जाते. दहा लिटर पाण्यासाठी त्याची मापे अशी: खाण्याचा सोडा 168 ग्रॅम, सोडियम नायट्रेट 25 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट 10 ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट 5 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 2 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड 0.4 ग्रॅम, फेरस सल्फेट (हिराकस) 0.1 ग्रॅम आणि ईडीटीए 0.8 ग्रॅम. याखेरीज काही धातू अत्यल्प प्रमाणात लागतात. शाळेच्या प्रयोगासाठी त्यांच्यावाचून बहुधा अडत नाही; विहिरीच्या पाण्यातून थोडे मिळतात.

बियाणे म्हणून जिवंत द्रावणच हवे. औषधाच्या दुकानातील भुकटीतून काही उगवत नाही, कारण ती मेलेली असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत नीलहरित शैवालांचा संग्रह आहे. जवळपासच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडेही विचारणा करावी. एक लिटर दाट बियाण्यात प्रथम चारच लिटर द्रावण मिसळावे. ते गर्द झाले की पुन्हा वाढवावे. सुरुवातीला द्रावण विरळ असते, तेव्हा कडक ऊन लागले तर धागे मरतात. म्हणून पहिले काही दिवस टब सावलीतच ठेवावा.

पाण्याची खोली पंधरा-वीस सेंटिमीटरहून अधिक नको. दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ लाकडी पळीने ढवळावे, म्हणजे खालच्या धाग्यांनाही प्रकाश मिळतो. तीस ते पस्तीस अंश तापमान उत्तम. नोव्हेंबर ते मे या काळात कोकणची हवा या कामाला फार अनुकूल असते. पावसाळ्यात मात्र ऊन नसते, आणि टब उघडा राहिला तर पावसाचे पाणी पडून क्षाराची भिंतच पातळ होते.

सामू सांगतो वाढीची गोष्ट

नवे द्रावण केले, की त्याचा सामू साडेआठच्या आसपास असतो. पीक वाढते तसा तो दहाकडे जातो. कारण सोपे आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी स्पिरुलिना सोड्यातील बायकार्बोनेट घेते. त्यातला कार्बन ठेवते आणि मागे क्षारता उरते. म्हणजे स्पिरुलिना स्वतःच आपली भिंत उंच करत जाते. सामूच्या कागदाने रोज एकदा मोजमाप करून आलेख काढला, तर विद्यार्थ्यांना प्रकाशसंश्लेषण आकड्यांत दिसेल.

येथे एक हिशेब करून पाहावा. 168 ग्रॅम खाण्याच्या सोड्यात 24 ग्रॅम कार्बन असतो. पण बायकार्बोनेटच्या दोन रेणूंमागे एकच कार्बन हाती लागतो. दुसरा कार्बोनेटच्या रूपात पाण्यात राहतो. म्हणजे वापरता येणारा कार्बन झाला 12 ग्रॅम. कोरड्या स्पिरुलिनेत निम्मा कार्बन असतो, तेव्हा दहा लिटरमागे सोड्यातून 24 ग्रॅम पीक मिळते. त्यापुढचा कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून येतो आणि तो सावकाश विरघळतो. ‘सूर्यप्रकाशातून फुकटचे अन्न’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

नायट्रोजनचेही तसेच. स्पिरुलिनेत सुमारे साठ टक्के प्रथिने असतात, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका नायट्रोजन. दहा ग्रॅम पीक काढले, की एक ग्रॅम नायट्रोजन गेला. तो भरून काढायला सुमारे सहा ग्रॅम सोडियम नायट्रेट लागते. स्वस्त म्हणून युरिया वापरण्याचा मोह होतो. पण युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि सामू सव्वानऊच्या वर गेला की त्यातला निम्म्याहून अधिक भाग मुक्त, विषारी अमोनियाच्या रूपात असतो. युरिया थोडा जरी जास्त पडला, तरी सारे पीक मरू शकते. ज्या भिंतीने शत्रूंना बाहेर ठेवले, तीच येथे उलटते.

तीन पेल्यांचा प्रयोग

आता रेडीच्या कोड्याकडे वळू. पिवळेपणा नायट्रोजनच्या अभावाने येतो, तसाच लोहाच्या अभावानेही येतो. मग नेमके कारण कोणते? मी टबातील द्रावण तीन पेल्यांत सारखे भरले. पहिल्यात काही घातले नाही. दुसऱ्यात थोडे सोडियम नायट्रेट घातले. तिसऱ्यात लोह घातले, पण एका विशिष्ट रीतीने: एक ग्रॅम हिराकस शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून, त्यात एका लिंबाचा रस घालून, दर लिटरला त्यातले एक मिलिलिटर. तिन्ही पेले एकाच खिडकीत ठेवले. चार दिवसांत तिसरा पेला हिरवा झाला. पहिले दोन पिवळेच राहिले.

चूक माझीच होती. ईडीटीए हाताशी नव्हते, तेव्हा ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून मी ते गाळले होते. क्षारयुक्त पाण्यात हवेचा ऑक्सिजन लागला, की लोहाचे हायड्रॉक्साइड बनून ते तांबूस गाळाच्या रूपात तळाशी बसते. विरघळलेले लोह जवळजवळ शून्य होते. गाळातले लोह पिकाला घेता येत नाही. ईडीटीए किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवते आणि पाण्यात विरघळलेले राखते. रेडीची तांबडी धूळ हेही लोहाचे ऑक्साइडच. ती टबात पडली तरी निरुपयोगी, कारण पदार्थ जवळ असणे आणि तो उपलब्ध असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चुनखडीच्या जमिनीत पिकांची पाने पिवळी पडतात तीही बहुधा याच कारणाने.

पीक काढणे

काडीच्या टोकाला पांढरी चकती लावून ती सकाळी द्रावणात बुडवावी. दोन-तीन सेंटिमीटरवर ती दिसेनाशी झाली, की पीक काढण्याजोगे झाले. धाग्यांमध्ये वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने, न ढवळलेल्या पाण्यात पुष्कळसे पीक वर तरंगते. ते दुपदरी, दाट विणीच्या स्वच्छ कापडातून गाळावे आणि गाळलेले पाणी टबात परत घालावे. एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक पीक काढू नये. कापडातील लगदा थोड्या स्वच्छ पाण्याने धुऊन, दाबून पाणी काढावे. ताजा लगदा फार लवकर नासतो. तो ठेवायचा असेल तर शेवयांसारखा बारीक पिळून, साठ अंशांहून कमी तापमानात, कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा.

खावे का?

चांगल्या सांभाळलेल्या उथळ टाकीत चौरस मीटरमागे रोज पाच ते दहा ग्रॅम कोरडे पीक मिळते. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या टबातून फार तर दीड-दोन ग्रॅम. त्यातली प्रथिने सुमारे एक ग्रॅम. कोंबडीच्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे आठवडाभराच्या मशागतीची कमाई एक अंडे! ज्या किनाऱ्यावर बांगडा मिळतो आणि घरोघरी कुळथाची पिठी होते, तेथे प्रथिनांसाठी टबाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मग तिचे मोल कशात? लोह आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असलेले बीटा कॅरोटिन तिच्यात भरपूर असते, आणि ही द्रव्ये शरीराला थोड्या प्रमाणातच लागतात. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने सी. व्ही. शेषाद्री यांच्या मार्गदर्शनाखाली खेड्यांतील स्त्रियांना लहान टाक्यांत स्पिरुलिना वाढवायला शिकवले, तेही कुपोषणाकडे पाहूनच. मात्र ब12 जीवनसत्त्वाबद्दलचा दावा खरा धरू नये. तिच्यात आढळणारे ब12 बहुतांशी छद्म स्वरूपाचे असते. माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

आणखी एक इशारा. नीलहरित शैवाले पाण्यातील जड धातू शोषून साठवतात. खाणीच्या खड्ड्यातील पाणी या कामासाठी कधीही घेऊ नये. क्षारता ढळली तर विषारी जातींची भेसळही होऊ शकते. रसायने खाद्य दर्जाची नसतील आणि तयार मालाची तपासणी झालेली नसेल, तर शाळेतले पीक कोणाच्याही ताटात, विशेषतः पोषण आहारात, मिसळू नये. प्रयोगासाठी वाढवावे आणि शेवटी परसातल्या खताच्या खड्ड्यात टाकावे.

खाण्याचे सोडले तरी हा टब शाळेला पुष्कळ देतो. सामू, प्रकाशसंश्लेषण, रेणुभार, अवक्षेपण आणि जिवाचे पर्यावरणाशी असलेले नाते असे पाच धडे एका टबात आहेत. टब पिवळा पडलाच, तर मुलांना उत्तर सांगण्याची घाई करू नये. त्यांच्यापुढे तीन पेले ठेवावेत.